गॅदरिंगच्या चित्रीकरणाच्या तीन प्रती



वार्षिक स्नेहसंमेलन पार पडले की पुढचे आठ दिवस शाळेत एकच विषय असतो, तो म्हणजे शूटिंग. कुणाच्या मोबाइलमध्ये लेझीम असते, कुणाच्या कॅमेऱ्यात नाटुकले असते, तर कुणाच्या वडिलांनी पाहुण्यांचे भाषण घेतलेले असते. हे सगळे एकत्र करून एक छान फिल्म तयार करायची असे ठरते आणि तिथूनच अडचणी सुरू होतात. एक फाइल संगणकावर दिसते, पण संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये अडखळत चालते. दुसरीत आवाज पुढे आणि ओठ मागे अशी गत होते. तिसरी एवढी मोठी की पेनड्राइव्ह तिला घेतच नाही. चौथी कुणीतरी एवढी लहान करून पाठवलेली की आपलेच मूल ओळखू येत नाही. शेवटी कंटाळून जी फाइल व्हॉट्सअॅपवर फिरली तीच 'शाळेची प्रत' होऊन बसते.

या सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे. जपायला, संकलनाला आणि वाटायला अशा तीन वेगवेगळ्या कामांना आपण एकच फाइल वापरू पाहतो. तीन कामांना तीन प्रती लागतात. त्या कशा करायच्या आणि का करायच्या, ते या लेखात पाहू.

डबा आणि आतला माल

प्रथम नावांचा घोळ दूर करू. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही नावे डब्यांची आहेत. मिठाईच्या दुकानात एकाच मापाच्या डब्यात कुंदाही मिळतो आणि करदंटही. नुसता डबा पाहून आत काय आहे ते कळत नाही. तसेच एमपी४ या डब्यात एच.२६४ या पद्धतीने बांधलेले चित्र असू शकते किंवा एचईव्हीसी या नव्या पद्धतीने बांधलेलेही असू शकते. बांधणीच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. म्हणून 'एमपी४ असूनही आमच्या संगणकावर का चालत नाही?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा डब्यात नसते, आतल्या मालात असते. एच.२६४ ही पद्धत २००३ साली ठरली आणि आज ती जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालते. एचईव्हीसी २०१३ साली आली. ती कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देते, पण जुन्या संगणकाला ती जड जाते.

फाइलचे नाव बदलून शेवटी एमपी४ लिहिले म्हणजे रूपांतर झाले, असे काहींना वाटते. ते फक्त डब्यावरचे लेबल बदलणे झाले.

फाइल एवढी मोठी का होते?

थोडे गणित करू. आजच्या फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ६.२ मेगाबाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात, म्हणजे १५५ मेगाबाइट. एका तासाचे होतात जवळजवळ ५६० जीबी! तीन तासांचे गॅदरिंग असेच्या असे साठवायचे म्हटले तर दीड टीबीहून अधिक जागा लागेल, आणि त्यात आवाज धरलेलाच नाही.

प्रत्यक्षात मोबाइल तेच तीन तास २०-२५ जीबीत बसवतो. हे कसे होते?

वर्गातला हजेरीपट आठवा. सोमवारी बाईंनी सगळ्या वर्गाची पूर्ण यादी लिहिली. मंगळवारी त्यांनी फक्त एवढेच टिपले, 'आज दोघे नवे गैरहजर.' बुधवारी, 'एक परत आला.' कागद वाचला, पण माहिती पूर्ण राहिली. कॅमेराही असेच करतो. पाहुणे भाषण करत असताना मागचा पडदा, फलक, टेबल, समई काहीच हलत नाही. म्हणून कॅमेरा मधूनमधून एकेक पूर्ण चित्र साठवतो आणि मधल्या चित्रांचा फक्त फरक टिपतो. शिवाय डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे तो सोडून देतो.

यातली पहिली युक्ती बिनतोट्याची आहे, पण दुसरीत काहीतरी कायमचे जाते. आपल्या बेळगावच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दूध आटवून कुंदा करता येतो, पण कुंद्यात पाणी घालून पुन्हा दूध करता येत नाही. मोठ्या फाइलची लहान करता येते, लहानीची मोठी करता येते ती फक्त आकाराने. गेलेले बारकावे परत येत नाहीत. आणि दर वेळी नव्याने रूपांतर केले की आणखी थोडे जाते. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढावी तसे.

पहिली प्रत : मूळ प्रत

म्हणून पहिला नियम असा की कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने जी फाइल तयार केली ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. तिचे रूपांतर करू नये, ती कापू नये, 'थोडी लहान' करू नये. ती घेताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नये, कारण तिथे ती वाटेतच आटवली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंतची फाइल न बदलता येते. त्याहून मोठी असेल तर सरळ केबल लावून किंवा कार्डावरून घ्यावी.

पेनड्राइव्हने मोठी फाइल नाकारली तर पेनड्राइव्ह बिघडला असे समजू नका. फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीहून मोठी राहू शकत नाही, मग आत कितीही जागा मोकळी असो. त्यातला मजकूर दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम होते.

दुसरी प्रत : संकलनाची प्रत

आता संकलन. गुरुवारी वर्गात नेमके कोण होते हे हजेरीपटावरून सांगायचे तर सोमवारच्या यादीपासून सुरुवात करून प्रत्येक दिवसाचा फरक लावत यावे लागते. संकलन करताना आपण फाइलच्या मधेच कुठेतरी उडी मारतो, मागे-पुढे करतो, कापतो. दर वेळी संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावे लागते. म्हणूनच जी फाइल पाहताना सुरळीत चालते ती संकलनात अडखळते.

यावर उपाय म्हणजे ज्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण आहे अशा पद्धतीत रूपांतर करणे. अॅपलची प्रोरेस आणि अॅव्हिडची डीएनएक्सएचआर या अशा पद्धती आहेत. यात फाइल मोठी होते, पण संगणकाचे काम हलके होते. फुल एचडी, २५ चित्रे या मापात प्रोरेस ४२२ ला सेकंदाला सुमारे १२२ मेगाबिट लागतात. तिच्या हलक्या एलटी प्रकाराला ८५ आणि प्रॉक्सी प्रकाराला ३८.

आकार काढण्याचे सूत्र सोपे आहे, वहीत लिहून ठेवा. सेकंदाचे मेगाबिट गुणिले एकूण सेकंद, भागिले ८, म्हणजे मेगाबाइट. तीन तासांचे सेकंद १०,८००. त्यावरून असा हिशेब निघतो :

मोबाइलची मूळ फाइल, १७ मेगाबिट : सुमारे २३ जीबी
प्रोरेस ४२२, १२२ मेगाबिट : सुमारे १६५ जीबी
प्रोरेस एलटी, ८५ मेगाबिट : सुमारे ११५ जीबी
प्रोरेस प्रॉक्सी, ३८ मेगाबिट : सुमारे ५१ जीबी
वाटपाची प्रत, ५ मेगाबिट : सुमारे ६.८ जीबी

इथे एक गैरसमज टाळावा. २३ जीबीची फाइल १६५ जीबीची झाली म्हणून चित्र सुधारत नाही. फक्त काम सोपे होते आणि पुन्हा पुन्हा साठवताना होणारी घट जवळजवळ थांबते. संकलन संपून फिल्म नीट तयार झाली की ही प्रत पुसून टाकायला हरकत नाही, कारण मूळ प्रत आपल्याजवळ आहेच.

शाळेच्या प्रयोगशाळेतले संगणक जुने असतील तर प्रॉक्सीची वाट धरावी. संकलन लहान, हलक्या प्रतीवर करायचे आणि शेवटची फिल्म तयार करताना प्रोग्रॅमने मूळ फाइल घ्यायची. शॉटकट, केडेनलाइव्ह हे मोफत प्रोग्रॅम ही सोय देतात. शॉटकटमध्ये संकलनाला सोयीचे रूपांतर करून देणारी सूचनाही आहे. उलट संगणक नवा आणि दमदार असेल, आणि फाइल साधी एच.२६४ ची असेल, तर रूपांतर न करताही काम भागते. गरज नसताना रूपांतर करत बसू नये.

आवाज आणि ओठ वेगळे का पडतात? मोबाइल कमी उजेडात आपल्या मर्जीने सेकंदाला घ्यायच्या चित्रांची संख्या कमी-जास्त करतो, कधी ३०, कधी २४. संकलनाचे अनेक प्रोग्रॅम मात्र ती संख्या ठाम आहे असे धरून चालतात. पाच मिनिटांच्या नाचात फरक कळत नाही, पण तासाभराच्या नाटकात तो डोळ्यात भरतो. म्हणून संकलनाची प्रत करतानाच चित्रांची संख्या ठाम करून घ्यावी. पुढच्या वर्षी चित्रीकरण करताना जमल्यास कॅमेऱ्यात २५ किंवा ५० ही संख्या निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या संख्येत रंगमंचावरच्या दिव्यांची लुकलुक कमी दिसते.

तिसरी प्रत : वाटपाची प्रत

दर्जा आणि आकार यांचा खरा तोल सांभाळायचा तो इथे. पालकांना फाइल मिळाली पाहिजे, मोबाइलवर चालली पाहिजे आणि लेकराचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

तोल साधण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सेकंदाचे मेगाबिट ठरवून देणे. यात आकार आधीच कळतो, पण एक खोट आहे. अध्यक्षीय भाषणात फारसे काही हलत नाही, त्याला दिलेली जागा वाया जाते. पन्नास मुलांची लेझीम मात्र सगळीच हलते, दर चित्रात सगळे बदलते, आणि तिला तेवढीच जागा पुरत नाही. मग चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे दर्जा ठरवून देणे आणि आकार जो होईल तो होऊ देणे. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये यासाठी आरएफ नावाचा आकडा असतो. आकडा लहान तर दर्जा वरचा आणि फाइल मोठी. फुल एचडीसाठी २० ते २४, आणि जुन्या डीव्हीडीच्या मापासाठी १८ ते २२ हे आकडे साधारण योग्य ठरतात. यात भाषण कमी जागेत बसते आणि लेझीमला हवी तेवढी जागा मिळते. आपल्या कामाला हाच मार्ग चांगला.

आकडा निवडताना सगळा कार्यक्रम रूपांतरित करून पाहू नका. सर्वात जास्त हालचालीचा एक मिनिट निवडा, तो २०, २२ आणि २४ या तिन्ही आकड्यांवर करून मोठ्या पडद्यावर पाहा. ज्या आकड्यावर फरक जाणवू लागतो त्याच्या अलीकडे थांबा.

आकार आणखी कमी करायचा असेल तर फुल एचडीऐवजी १,२८० बाय ७२० हे माप घ्या. मोबाइलच्या पडद्यावर फारसा फरक कळत नाही. मोठे माप ठेवून दर्जा मारण्यापेक्षा माप लहान करून दर्जा राखणे बरे. आणि तीन तासांची एक फाइल देण्यापेक्षा प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी फाइल करा. पाच मिनिटांचा नाच ५ मेगाबिटने केला तरी १८८ मेगाबाइटच्या आत बसतो. बालवाडीच्या आईला बालवाडीचा नाच हवा असतो, संपूर्ण गॅदरिंग नव्हे.

आवाजात मात्र काटकसर करू नये. १६० किलोबिटने तीन तासांचा आवाज अवघ्या २१६ मेगाबाइटमध्ये बसतो. चित्राच्या मानाने तो काहीच नाही. आणि खरे सांगायचे तर वीस वर्षांनी पाहताना कपडे आणि पडदे कोण पाहणार? ऐकू येईल ते बोलणे. कानडी शब्द सहज पोटात घेणारी आपली सीमाभागातली मराठी, तिचा हेल, नाटुकल्यात मुलांनी ऐनवेळी घातलेली घरची वाक्ये हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते अशा चित्रीकरणांतच राहते.

जुन्या कॅसेट आणि व्हीसीडी

आपल्या भागातल्या शाळांच्या कपाटांत आणि घरांतल्या माळ्यांवर १९९० आणि २००० च्या दशकांतल्या व्हीएचएस कॅसेट, मिनीडीव्ही, व्हीसीडी आणि डीव्हीडी पडून आहेत. त्यांची गत मोबाइलच्या फाइलींपेक्षा कठीण आहे. आपला पावसाळा लांब आणि दमट, कॅसेटवर बुरशी धरायला तेवढे पुरते. शिवाय त्या चालवायची यंत्रेच उरलेली नाहीत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ सालीच बजावले होते की ज्या चुंबकीय फिती २०२५ पर्यंत संगणकावर येणार नाहीत त्यातल्या बहुतेक हातच्या जातील. ती मुदत आता भरली आहे.

यांच्या मूळ प्रती अशा कराव्यात :

मिनीडीव्ही : यातले चित्र मुळातच डिजिटल आहे. फायरवायरच्या केबलने ते न बदलता उतरते. एका तासाला सुमारे १३ जीबी. तेच जपावे.

व्हीसीडी : चित्र ३५२ बाय २८८ मापाचे, एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटे. म्हणूनच त्या काळी तीन तासांच्या गॅदरिंगच्या तीन चकत्या मिळत. आतल्या डॅट फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्या 'एचडी' करून देतो असे कुणी म्हटले तर तशी प्रत हौस म्हणून करावी, मूळ समजू नये.

डीव्हीडी : चित्र ७२० बाय ५७६. आतल्या व्हीओबी फाइली जशाच्या तशा घ्याव्यात.

व्हीएचएस : हे अॅनालॉग, म्हणजे उतरवताना त्याचे प्रथमच डिजिटल रूप होते. कॅसेट कदाचित पुन्हा चालणार नाही, म्हणून पहिल्याच वेळी ७२० बाय ५७६ या पूर्ण मापात, शक्य तितक्या कमी आकुंचनाने घ्यावे. एफएफव्ही१ ही पद्धत काहीही न गमावता जागा वाचवते. बुरशी दिसणारी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नये, यंत्रही खराब होते. ती जाणकाराकडे द्यावी.

या जुन्या चित्रीकरणांत, विशेषतः कॅसेट आणि डीव्हीडीवरच्या, हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. टीव्हीसाठी आधी विषम आणि मग सम ओळी घेतल्या जात, त्याचा तो परिणाम. या रेघा फक्त वाटपाच्या प्रतीत काढाव्यात, मूळ प्रतीत तशाच राहू द्याव्यात. उद्या रेघा काढण्याची याहून चांगली पद्धत आली तर मूळ प्रत कामी येईल. तसेच जुने चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवू नये. बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू द्या, माणसे तरी जाड दिसणार नाहीत.

निपाणीचा एक दाखला

मूळ प्रत जपण्याचा एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर निपाणीतच आहे. १९८२ साली 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार बायकांना बरोबर घेऊन 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर या गटात होते. चित्रण १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फितीवर झाले. त्या बायकांचे काम, त्यांची संघटना, त्यांचे बोलणे त्यात आहे. पुढे अनेक वर्षांनी बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या प्रयत्नाने युगांतरच्या चित्रपटांचे डिजिटल जतन झाले आणि आज निपाणीची नवी पिढी आपल्या आज्यांच्या काळातली वखार पाहू शकते. हे शक्य झाले कारण फीत शिल्लक होती. मधल्या काळातली एखादी अंधूक व्हिडिओ प्रत तेवढी उरली असती तर कितीही नवे तंत्र आणले तरी तिच्यातून फितीवरचे बारकावे निघाले नसते.

याच्या उलट दाखला निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. आज तो पाहायला मिळत नाही. आपल्या देशाचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले ते १९६४ साली. तोवर मूकपटांच्या काळातले बहुतेक नष्ट झाले होते. एवढ्या मोठ्या कलावंताची कृती जपणूक नसल्याने गेली, तर आपल्या गॅदरिंगची काय कथा!

शाळेने काय करावे?

१. दर वर्षी एका शिक्षकाकडे आणि दोन-तीन मोठ्या विद्यार्थ्यांकडे चित्रीकरणाच्या मूळ प्रती गोळा करण्याचे काम द्यावे. कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत, मोबाइल साफ होण्याआधी.

२. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, कार्यक्रम आणि इयत्ता लिहावी. नुसत्या आकड्यांच्या नावावरून दहा वर्षांनी काहीच कळत नाही.

३. मूळ प्रती आणि तयार झालेली फिल्म दोन हार्डडिस्कवर ठेवाव्यात. एक शाळेत, दुसरी दुसऱ्या इमारतीत. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती या एकच प्रत होत. वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइली उघडतात का ते पाहावे.

४. विश्वस्तांनी जुन्या कॅसेट उतरवण्यासाठी अंदाजपत्रकात थोडी तरतूद करावी. सुरुवात व्हीएचएसपासून, कारण त्यांना वेळ सर्वात कमी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी चालू स्थितीतला व्हीसीआर किंवा मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर तो काही दिवस मागून घ्यावा.

५. मुलांची चित्रे सर्वांसाठी खुली करण्याआधी पालकांची संमती घ्यावी. जपणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे.

विद्यार्थी मित्रांनो, रूपांतर करणारा प्रोग्रॅम उघडून बटन दाबणे कुणालाही येते. बटन दाबण्याआधी एवढेच विचारा, की ही फाइल जपायची आहे, कापायची आहे की वाटायची आहे? आणि पालकांना एक विनंती. घरी माळ्यावर आपल्या शाळेची एखादी जुनी कॅसेट असेल तर ती रद्दीत घालण्याआधी संगणक विभागाला कळवावे. तिच्यावर लेबल नसले तरी चालेल, आत काय आहे ते आपण सगळे मिळून पाहू.